तीस फेब्रुवारीचा पूर

ऑफिसात सगळे त्यांना तारीखबाई म्हणायचे, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या नव्या माणसानं शिष्टाचार म्हणून खऱ्या नावानं हाक मारली, तर त्या मान वर करून बघायच्या, की ही कोण बाई आली बुवा आता आपल्या खोलीत.

नद्यांचा आणि हवामानाचा अभ्यास करणारी ती एक संस्था होती आणि तारीखबाईंकडे आकड्यांच्या फायली सांभाळायचं काम होतं. फायली सांभाळण्यात काय मोठंसं, असं वाटेल कुणाला. पण या फायलींची एक खोड असते. त्यांच्यात तारीख लिहिलेली नसते, नुसता आकडा असतो: अमुक एका दिवसापासून इतके दिवस झाले. तो अमुक दिवस, ज्याला तिथले लोक मूळ दिवस म्हणत, आणि दिवस कुठल्या कॅलेंडरनं मोजायचे ते, या दोन गोष्टी फायलीच्या डोक्यावर एका ओळीत लिहिलेल्या असतात. ती ओळ जगात कुणीही वाचत नाही. तारीखबाई वाचायच्या.

न वाचल्यानं काय होतं ते ऑफिसनं एकदा चांगलंच भोगलं होतं. बाजूच्या खोलीतल्या एका हुशार गृहस्थांनी ओळ न वाचता आपल्या मनानंच मूळ दिवस धरला. तो निघाला चार वर्षं चुकलेला, आणि कधीच होऊन गेलेला एक कोरडाठाक उन्हाळा त्यांनी येत्या महिन्यात आणून बसवला. वर्तमानपत्रात छापून आलं. लोकांनी बादल्या, पिंपं, बाळांचे आंघोळीचे टब, जे हाताला लागेल ते भरून ठेवलं. आणि मग महिनाभर असा पाऊस कोसळला की ती पिंपं ओतून टाकायलाही कुणाला घराबाहेर पाऊल टाकता येईना. या भानगडीनंतर तारीखबाईंनी हट्टानं एक नियम करून घेतला: एकदा बाहेर दिलेल्या फायलीतली तारीख कुणीही, कोणत्याही कारणानं बदलायची नाही. ‘कोणत्याही कारणानं’ हे शब्द त्यांनी स्वतः घातले होते आणि त्यांचा त्यांना भारी अभिमान होता.

बाईंची आई नदीकाठच्या एका गल्लीत राहायची, थोरल्या मुलीकडे, म्हणजे तारीखबाईंच्या ताईकडे. मागे एकदा नदी गल्लीत शिरली तेव्हा आईला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं होतं. ती वरच राहिली. तिचे गुडघे गेलेले, जिना उतरणं होईना, आणि पुन्हा पाणी आलं तर काय, म्हणून ताई तिला खाली आणू देईना. खालच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची. वरच्या खोलीची उघडायची ती शेजारच्या घराच्या भिंतीवर.

"त्या भिंतीचा पोपडा न् पोपडा पाठ झालाय मला," आई फोनवर म्हणायची. "माणसाचं तोंड म्हणून दिसत नाही गं. त्यापेक्षा नदीनं नेलं असतं तर चार गावं तरी बघितली असती."

म्हणूनच, नदीला भिंत घालायचं सरकारनं ठरवलं तेव्हा गल्लीत सर्वांत जास्त आनंद आईला झाला. भिंत झाली की ती खाली येणार होती. ताई एक दिवसाआड फोन करून विचारायची, "झाली का गं भिंत?" जणू धाकटी बहीण तिकडे विटाच रचत बसली होती.

विटा नाही, पण भिंतीची उंची मात्र खरोखरच धाकट्या बहिणीच्या टेबलावर येऊन पडली होती. पुढच्या कित्येक दशकांचं हवामान एका मोठ्या संगणकावर आधीच चालवून बघतात. त्यात नदीला जो सर्वांत मोठा पूर येईल, त्याला पुरेल एवढी भिंत बांधायची, असं ठरलं होतं. तो पूर शोधून द्यायचं काम तारीखबाईंचं.

आता त्या संगणकातल्या जगाबद्दल थोडं सांगायला हवं. तिथे सूर्य आपलाच, ढग आपलेच, नदीही आपलीच. कॅलेंडर तेवढं वेगळं. ते जग बनवणाऱ्यांना बेरजा-वजाबाक्यांचा कंटाळा असावा. त्यांनी सरळ प्रत्येक महिना तीस दिवसांचा करून टाकला. कुणाला एकतीस नाही, लीप वर्षाची कटकट नाही, आणि बिचाऱ्या फेब्रुवारीलाही इतरांसारखेच तीस दिवस. म्हटलं तर आपल्यापेक्षा न्यायी कारभार. अशी कॅलेंडरं या धंद्यात सर्रास चालतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

तारीखबाईंनी पूर शोधला. साधासुधा नव्हता तो. डोंगरावर बर्फ वितळायला लागलंय आणि त्यावर वरून पाऊस, असा दुहेरी मार. भिंत पुरुषभर उंच लागणार होती, त्याच्या खाली एक वीत चालणार नव्हती. त्यांनी तारखेच्या रकान्यात तारीख भरली, तीस फेब्रुवारी, आणि फाईल भिंत-समितीकडे पाठवून दिली. पाठवताना त्यांना क्षणभरही काही खटकलं नाही. उभं आयुष्य अशा तारखांत काढलेलं. तीस फेब्रुवारीला त्या तुमच्या-आमच्या तीस जूनसारखंच ओळखत होत्या. खटकलं असतं, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

समितीची सभा एका लांबलचक टेबलाभोवती भरली. अध्यक्ष मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद जवळ घेतला, लांब धरला.

"बाई, हा जो सर्वांत मोठा पूर आहे, तो कुठल्या दिवशीचा म्हणालात?"

"तीस फेब्रुवारी," तारीखबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा कुणी हसलं नाही. मग कुणीतरी चहाचा कप घाईनं खाली ठेवला, आणि सगळं टेबल हसायला लागलं. तारीखबाई सोडून. त्यांनी शांतपणे ते तीस-तीस दिवसांचं कॅलेंडर समजावून सांगितलं. अध्यक्षांनी लक्ष देऊन ऐकलं. ऐकण्यात ते कसूर करत नसत.

"म्हणजे ही तारीख नाहीच्चे," ते म्हणाले.

"आपल्याकडे नाही. त्या जगात आहे."

"पण भिंत कुठल्या जगात बांधायचीय, बाई?"

यावर पुन्हा हशा. तारीखबाईंनी मग सांगून पाहिलं, की पूर त्याच दिवशी येणार असं नाही, एवढं पाणी येऊ शकतं एवढंच त्यातून घ्यायचं. तारीख म्हणजे त्या पाण्यावर लावलेली नुसती चिठ्ठी. पण सभेत एकदा हसू पिकलं की शहाणं बोलणंही लोकांना त्याच विनोदाचा पुढचा भाग वाटतं.

आणि घोळ त्याच्या आधीच होऊन गेला होता. समितीकडे आलेली प्रत्येक फाईल एका तपासणी-यंत्रणेतून जायची. तिनं फाईल तपासली होती. ज्या ओळींची तारीख कॅलेंडरात बसत नाही त्या तिनं काढून टाकल्या. मग तिच्या लक्षात आलं, की फायलीत कुठल्याच महिन्याला एकतीस तारीख नाही. कसं चालेल? तिनं आदल्या आणि पुढच्या दिवसाची सरासरी काढून सगळ्या एकतीस तारखा भरल्या. म्हणजे आता बघा गंमत: जे दिवस त्या जगात कधी उगवलेच नव्हते ते समितीनं घातले, आणि ज्या दिवशी गल्ली बुडाली तेवढा काढून टाकला. उरलेल्यात सर्वांत मोठा जो पूर होता, त्याला कंबरभर भिंत पुरत होती.

तारीखबाई काही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्या जगाचं अख्खं वर्ष ओढून ताणून आपल्या वर्षाच्या मापाचं केलं. असं करता येतं, रीतसर करता येतं. त्यात पाण्याचा थेंबही इकडचा तिकडे होत नाही, तारखा तेवढ्या थोड्या सरकतात. पूर येऊन पडला दोन मार्चला. चांगली, खानदानी तारीख. कुणी बोट ठेवायला जागा नाही. पुढच्या सभेत त्यांनी नवी फाईल ठेवली.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मागच्या खेपेला पूर तीस फेब्रुवारीला होता."

"हो."

"आता दोन मार्चला आहे."

"तोच पूर आहे, साहेब. पाणी तेवढंच आहे."

"बाई, पूर पुढे सरकतोय की तुम्ही सरकवताय?" या वेळी ते हसले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. त्यांनी एक कागद पुढे केला. तारीखबाईंनी तो लगेच ओळखला. त्यातली वाक्यरचनासुद्धा त्यांचीच होती. एकदा बाहेर दिलेल्या फायलीतली तारीख कुणीही, कोणत्याही कारणानं बदलायची नाही. "हा नियम तुमच्याच संस्थेचा ना? चांगला नियम आहे. आम्हीही उचललाय."

आपल्याच हातानं घातलेले शब्द. तारीखबाईंना कुणी भर सभेत थोबाडीत मारल्यासारखं झालं. आपली नवी फाईल उचलून त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख स्वतः त्यांच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं, आणि उभ्याउभ्याच बोलले. तसा माणूस वाईट नव्हता.

"समितीला तुमची सही हवीय. सही नाही, तर प्रस्ताव परत. परत म्हणजे पुन्हा श्रीगणेशा, बाई. पुन्हा पैसे मंजूर करा, पुन्हा समिती नेमा. तोवर नदी थांबणार आहे का तुमच्यासाठी? कंबरभर तर कंबरभर. काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का?"

"पण ते खोटं होईल."

"वाचा तरी आधी," म्हणत त्यांनी समितीचा कागद पुढे सरकवला.

तारीखबाईंनी वाचलं. ‘वैध तारखांच्या सर्व नोंदींमधील सर्वांत मोठा पूर गृहीत धरून भिंतीची उंची ठरविण्यात आली आहे.’ पुन्हा वाचलं. शब्द न् शब्द खरा होता. तारीखबाईंनी जन्मात कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि पंचाईत अशी, की हेही खोटं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर आईची ती वरची खोली आली, तो पोपड्यांचा देखावा आला, आणि फोनवर ‘झाली का गं भिंत’ विचारणारी ताई आली. खाली तळटीप घालायच्या अटीवर त्यांनी सही केली: ‘तीस फेब्रुवारीचा पूर स्वतंत्रपणे विचारात घ्यावा.’

समितीचा अहवाल छापून आला तेव्हा तळटीप होती. फक्त कुणा भल्या माणसानं ही उघडउघड छपाईची चूक समजून सुधारून दिली होती. ‘तीस जानेवारीचा पूर स्वतंत्रपणे विचारात घ्यावा.’ अहो, तीस जानेवारीला त्या फायलीत नदीत एवढं कमी पाणी होतं की पोरांनी पात्रात गोट्या खेळाव्यात. तारीखबाई तणतणत गेल्या. पुढच्या छपाईत बघू, असं उत्तर मिळालं. पुढची छपाई काही झाली नाही.

भिंत मात्र झाली. चक्क वेळेत झाली. गल्लीच्या तोंडाशी एक फलक लागला आणि त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला.

"अगं, तुझी सही आहे त्याच्यावर! ‘पुरापासून संरक्षण’ असं मोठ्ठ्या अक्षरांत, आणि खाली तुझी सही! ह्यांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अख्खी गल्ली विचारतेय, ही तुमची धाकटी का म्हणून. मी म्हटलं, मग काय! आणि ऐक, आईला खाली आणलंय."

"कधी?" तारीखबाईंनी विचारलं.

"आजच. तू सही केलीस म्हटल्यावर आता कशाला थांबायचं?"

रविवारी तारीखबाई सकाळीच तिकडे गेल्या. आई खिडकीशी पलंगावर बसली होती. केस विंचरलेले, अंगावर ठेवणीतलं लुगडं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची उलटतपासणी चाललेली. कुठे चाललास, काय आणलंस, तुझ्या सासूचा खोकला गेला का. जाणारेही थांबून उत्तरं देत होते. इतकी खुललेली आई तारीखबाईंनी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. समोर नदीची भिंत दिसत होती. तिच्यावर दोन पोरं पाय हलवत बसली होती, आणि त्यांना वर चढायला काही कष्ट पडले असतील असं वाटत नव्हतं.

"ये गं छोटे," आई म्हणाली. "बघ, तुझ्या कृपेनं जगात परत आले."

तारीखबाईंना वाटलं, आत्ता काही बोलू नये. चहा प्यावा, घरी जावं. पण खिडकीतून ती भिंत सारखी दिसत होती. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं, "ताई, आईला परत वर ने. ही भिंत पुरणार नाही."

ताई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाऊजींनी वर्तमानपत्र खाली केलं. भाऊजी म्हणजे थट्टेचा कारखाना, आणि मेहुणी त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक.

"काय म्हणतेस! फलकावर सही कुणाची मग? तुझ्या भुताची?"

"माझीच. पण एक पूर त्यांनी धरलेला नाही. सगळ्यात मोठा."

"बरं बाई. मग येणार कधी तो? तारीख सांग. तारखेच्या बाबतीत तुझा हात कोण धरणार!"

तारीखबाईंनी टाळायचा प्रयत्न केला. असं सांगता येत नाही म्हणाल्या, तारखेला अर्थ नसतो म्हणाल्या. भाऊजींनी पिच्छा सोडला नाही. "अगं पण फायलीत काहीतरी असेलच ना?" आणि विचारलेल्या तारखेला खोटं उत्तर देणं बाईंच्या रक्तातच नव्हतं.

"तीस फेब्रुवारी," त्या म्हणाल्या.

भाऊजी क्षणभर बघत राहिले. मग जे हसत सुटले, ते खोकला लागून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ताईही हसली; नवऱ्याच्या विनोदाला ती कधी हसत नसे, बहिणीच्या विनोदाला हसली. "म्हणजे तोवर आईला खाली ठेवायला हरकत नाही तर!" भाऊजी म्हणाले, खिडकीशी गेले, आणि पलीकडच्या घराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंत का हो? आमच्या मेहुणीबाई म्हणतायत, पूर तीस फेब्रुवारीला!" पलीकडूनही हसण्याचा आवाज आला.

"हसू नका!" तारीखबाई किंचाळल्याच. आपल्याला एवढा मोठा आवाज आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. या माणसांना धरून गदागदा हलवावं असं त्यांना वाटत होतं. पण सगळ्यात जास्त राग येत होता तो स्वतःचाच.

आई हसत नव्हती. तिनं हातानंच भाऊजींना गप्प केलं.

"छोटे, तारीख राहू दे. पाणी कुठवर येईल?"

एवढ्या सभा झाल्या, एवढे कागद रंगले, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. तारीखबाई उठल्या. पलंगामागच्या भिंतीपाशी गेल्या आणि हात वर करून तळवा भिंतीवर टेकवला. पलंगाच्या वर. बसलेल्या आईच्या डोक्याच्याही वर. आईनं मान मागे टाकून त्या तळव्याकडे बघितलं. भाऊजींचं हसू विरत गेलं.

"बाहेरची ती भिंत असूनही?"

"हो. ती असूनही."

"मग तू सही कशाला केलीस?"

"त्यात एक शब्दही खोटा नव्हता, आई."

"ते नाही विचारलं मी," आई म्हणाली.

तारीखबाईंना हात खाली घ्यायचं सुचेना. मग आईच ताईला म्हणाली, "माझी अंथरुणं वर ने गं. संध्याकाळपर्यंत बसते इथे, मग मलाही न्या." तिनं एकदा खिडकीबाहेर नजर टाकली. "मी जाईन वर. पण गल्लीतल्या सगळ्यांनीच बिछाने खाली आणलेत. कुणाच्या सहीवर आणलेत, ते फलकावर दिसतंय त्यांना."

तारीखबाईंनी चपला घातल्या. भाऊजी म्हणाले, मी येऊ का बरोबर. त्या नको म्हणाल्या. शेजारच्या दारापर्यंत जाताना त्यांनी मनाशी सगळं नीट जुळवलं. तारखेपासून सुरुवातच करायची नाही. आधी पाणी सांगायचं. हात वर करून दाखवायचा. विचारलं तर दोन मार्च म्हणायचं. नाही, तेही नको, काहीच म्हणायचं नाही.

त्यांनी कडी वाजवली. दार उघडलं ते शेजाऱ्यांनीच, आणि ते आधीपासूनच हसत होते.

"या, या! तीस फेब्रुवारी ना?" ते म्हणाले, आणि मागे वळून बायकोला हाक मारली, "अगं ऐकलंस का, त्याच बाई आल्यात बघ!"

त्यांच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. खिडकीखाली दोन लहान मुलांच्या गाद्या शेजारी शेजारी घातल्या होत्या.